अमेरिकेतल्या फेडरल अपील न्यायाधीशाची कारकीर्द : नामनिर्देशनापासून 'सीनियर' होईपर्यंत

पैलतीर

अमेरिकेतल्या न्यायाधीशांबद्दल मराठीत जे काही लिहिलं जातं ते बहुतेक सुप्रीम कोर्टातल्या नऊ जणांबद्दल. पण सुप्रीम कोर्ट तोंडी युक्तिवाद ऐकून वर्षाला साधारण साठ-सत्तर प्रकरणं निकाली काढतं. त्याच्या लगेच खालच्या फेडरल अपील न्यायालयांत मात्र वर्षाला चाळीस हजारांच्या आसपास अपिलं दाखल होतात. म्हणजे व्यवहारात शेवटचा शब्द यांचाच. हद्दपारीचा आदेश निघालेला माणूस, पेटंट रद्द झालेली कंपनी, पंधरा वर्षांची शिक्षा झालेला कैदी, यांतल्या जवळजवळ सगळ्यांची वाट इथल्या तिघांच्या खंडपीठापाशीच संपते. या न्यायाधीशांची कारकीर्द कशी घडते ते तपशिलात लिहावं म्हणून हा धागा. जाणकारांनी भर घालावी.

आधी रचना. १८९१ च्या कायद्याने ही न्यायालयं स्वतंत्रपणे उभी राहिली. आज तेरा आहेत, प्रत्येकाच्या कार्यक्षेत्राला 'सर्किट' म्हणतात: क्रमांकाची अकरा, वॉशिंग्टनचं डीसी सर्किट आणि पेटंटसारख्या ठराविक विषयांसाठी १९८२ मध्ये स्थापन झालेलं फेडरल सर्किट. न्यायाधीशांची मंजूर पदं १७९. नवव्या सर्किटात सर्वाधिक २९, बोस्टनच्या पहिल्या सर्किटात सगळ्यात कमी, फक्त ६. नेमणूक 'सद्वर्तन असेपर्यंत', म्हणजे निवृत्तीचं वयच नाही. पदावर असेतो पगार कमी करता येत नाही. या दोन्ही हमी थेट राज्यघटनेच्या तिसऱ्या कलमातल्या आहेत.

गोदाकाठ

पात्रतेपासून सुरुवात करते. राज्यघटनेत या पदासाठी एकही अट नाही. ना वय, ना वकिलीची वर्षं, ना कायद्याची पदवी. निवड होते ती मात्र अगदी अरुंद वाटेने. नावाजलेलं लॉ स्कूल, तिथल्या नियतकालिकाचं संपादन, एखाद्या अपील न्यायाधीशाकडे वर्षभर लॉ क्लार्क (न्यायाधीशाला संशोधनात आणि लेखनात मदत करणारा तरुण कायदेतज्ज्ञ), जमलं तर सुप्रीम कोर्टात आणखी एक वर्ष, मग सरकारी वकिली, मोठी फर्म, अध्यापन किंवा जिल्हा न्यायाधीशपद. श्री श्रीनिवासन यांची वाट याचा नमुना म्हणता येईल. जन्म १९६७, चंदीगड. वाढले कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावात. स्टॅनफर्डमधून कायदा आणि एमबीए. चौथ्या सर्किटात विल्किन्सन यांच्याकडे आणि नंतर सुप्रीम कोर्टात ओ'कॉनर यांच्याकडे क्लार्क. पुढे सॉलिसिटर जनरलच्या (सुप्रीम कोर्टात सरकारची बाजू मांडणाऱ्या) कार्यालयात मुख्य उपप्रमुख. २३ मे २०१३ रोजी सिनेटने त्यांना डीसी सर्किटसाठी ९७ विरुद्ध ० मतांनी मान्यता दिली. फेडरल अपील न्यायालयातले ते पहिले दक्षिण आशियाई न्यायाधीश.

निवासाची एक कायदेशीर अट मात्र आहे. डीसी सोडता न्यायाधीश नेमणुकीच्या वेळी आणि पुढेही त्याच सर्किटाचा रहिवासी हवा. फेडरल सर्किटात वॉशिंग्टनपासून पन्नास मैलांच्या आत राहावं लागतं. शिवाय सर्किटातल्या प्रत्येक राज्याचा किमान एक कार्यरत न्यायाधीश असावा असा नियम आहे. त्यामुळे एखादी जागा 'अमुक राज्याची' समजली जाते आणि त्या राज्याचे सिनेटर तिच्यावर डोळा ठेवून असतात.

क्रम असा: व्हाइट हाउसच्या कायदा सल्लागारांच्या मुलाखती, एफबीआयची पार्श्वभूमी तपासणी, अध्यक्षांचं नामनिर्देशन, सिनेटच्या न्यायिक समितीची सुनावणी, लेखी प्रश्नोत्तरं, समितीचं मतदान आणि शेवटी संपूर्ण सिनेटचं मतदान. मतदान झालं की अध्यक्ष नेमणूकपत्रावर सही करतात आणि न्यायाधीश दोन शपथा घेतो. एक राज्यघटनेची. दुसरी फक्त न्यायाधीशांची, जिच्यात व्यक्ती न पाहता न्याय देण्याचं आणि गरीब-श्रीमंतांना सारखा हक्क देण्याचं वचन असतं.

रानजाई

गोदाकाठ यांनी क्रम दिलाच आहे. गाडी अडते कुठे, ते लिहितो.

सगळ्यात किचकट कागद म्हणजे समितीची प्रश्नावली. आजवर छापून आलेलं सगळं लेखन, दिलेली भाषणं (लिखित प्रत नसेल तर त्याची टिपणं किंवा निदान तारीख-ठिकाण), मुलाखती, सभासदत्वं, लढवलेले दहा महत्त्वाचे खटले, त्यांतल्या विरुद्ध बाजूच्या वकिलांचे संपर्क, मालमत्ता आणि देणी, कोणत्या प्रकरणांतून बाजूला व्हावं लागेल त्याची यादी. आर्थिक आणि खासगी भाग सोडता हे सगळं जाहीर होतं. एखादं जुनं भाषण वगळलं गेलं आणि ते विरोधकांनी शोधून काढलं, तर भाषणातल्या मजकुरापेक्षा 'लपवलं' हा आरोप जड जातो. २०१० मध्ये नवव्या सर्किटसाठी नाव पुढे आलेले गुडविन लिऊ यांनी शंभराहून अधिक नोंदी मागाहून जोडल्या आणि सुनावणीआधीच वातावरण बिघडलं. मे २०११ मध्ये चर्चा थांबवण्याच्या ठरावाला ५२ विरुद्ध ४३ मतं पडली. तेव्हा साठ लागत. त्यांनी माघार घेतली. पुढे ते कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयावर गेले.

ही साठ मतांची अट २१ नोव्हेंबर २०१३ रोजी सिनेटने खालच्या न्यायालयांपुरती मोडीत काढली. आता साधं बहुमत पुरतं. पण अपील न्यायाधीशाच्या बाबतीत चर्चा थांबवण्याचा ठराव मंजूर झाल्यावरही तीस तासांपर्यंत वेळ काढता येतो. जिल्हा न्यायाधीशांसाठी हाच अवधी २०१९ मध्ये दोन तासांवर आणला. त्यामुळे वेळापत्रकात अपील न्यायालयाची नावं महाग पडतात.

'ब्लू स्लिप' हा निळा कागद गृहराज्याच्या सिनेटरांना संमतीसाठी जातो. जिल्हा न्यायाधीशांसाठी त्याचा मान अजून राखला जातो. अपील न्यायाधीशांसाठी २०१७-१८ पासून सिनेटरांच्या नकाराने नाव अडत नाही. गेल्या काही वर्षांतला सगळ्यात मोठा बदल हाच, असं माझं मत. आधी राष्ट्राध्यक्षांना विरोधी पक्षाच्या सिनेटरांशी बोलून मधलं नाव शोधावं लागे. ती गरज संपली आणि नावं दोन्ही टोकांकडे सरकली.

आणि कॅलेंडर. सिनेटचं सत्र संपलं की मत न झालेली नावं अध्यक्षांकडे परत जातात. पुढे सुप्रीम कोर्टाचे सरन्यायाधीश झालेले जॉन रॉबर्ट्स यांचं नाव डीसी सर्किटसाठी पहिल्यांदा १९९२ मध्ये गेलं आणि तसंच विरलं. २००१ मध्ये पुन्हा गेलं, मंजुरी मिळाली २००३ मध्ये. पुढे सुप्रीम कोर्टात गेलेल्या एलेना केगन यांचं नाव १९९९ मध्ये त्याच न्यायालयासाठी गेलं आणि सुनावणीही झाली नाही. तिसऱ्या सर्किटसाठी २०२३ च्या नोव्हेंबरात नाव जाहीर झालेले आदील मांगी सभागृहाच्या मतदानापर्यंत पोचलेच नाहीत. यांतल्या कुणाचीही गुणवत्ता कमी नव्हती. जागा रिकामी होण्याची वेळ आणि सिनेटमधली बेरीज जुळली नाही, इतकंच.

आडवळण

नेमणुकीवर खूप लिहिलं जातं, म्हणून मी कामाकडे वळतो. हे काम बहुतांशी वाचनाचं आहे. इथे साक्षीदार नाही, ज्युरी नाही, नवा पुरावा नाही. खालच्या न्यायालयात जे नोंदलं गेलं तेच 'रेकॉर्ड', त्याच्या बाहेर जाता येत नाही.

दिवाणी प्रकरणात निकालानंतर ३० दिवसांत अपिलाची नोटीस द्यावी लागते. सरकार पक्षकार असेल तर ६०. फौजदारीत आरोपीला फक्त १४ दिवस. मुदत हुकली की दार बंद. २००७ च्या बाउल्स खटल्यात जिल्हा न्यायाधीशाने अपिलाची मुदत पुन्हा उघडून देताना कायद्यातल्या १४ दिवसांऐवजी चुकून १७ दिवस दिले. कैद्याने त्या १७ च्या आत नोटीस दिली, पण १४ दिवस उलटून गेले होते. सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की अपील ऐकताच येणार नाही. न्यायाधीशाच्या तोंडी किंवा लेखी सवलतीवर विसंबू नये, कायदा स्वतः उघडून दिवस मोजावेत, हे तिथून प्रत्येक अपील वकिलाला शिकवलं जातं.

मग ब्रीफ, म्हणजे लेखी युक्तिवाद. मुख्य ब्रीफला १३,००० शब्दांची मर्यादा, प्रत्युत्तराला ६,५००. अक्षर १४ पॉइंटचं. मुखपृष्ठाचे रंगही ठरलेले: अपील करणाऱ्याचं निळं, समोरच्याचं तांबडं, प्रत्युत्तराचं राखाडी, न्यायालयाला मदत म्हणून मत मांडणाऱ्या त्रयस्थाचं हिरवं, परिशिष्ट पांढरं. कागदी प्रत हल्ली कमी हाताळली जाते, तरी न्यायाधीश आजही 'निळ्यात पान ३२ वर काय म्हटलंय' असंच बोलतात.

प्रत्येक चेंबरमध्ये, म्हणजे न्यायाधीशाच्या कार्यालयात, तीन-चार लॉ क्लार्क असतात, बहुतेक एका वर्षासाठी. सुनावणीआधी क्लार्क 'बेंच मेमो' लिहितो: वस्तुस्थिती, मुद्दे, दोन्ही बाजू, रेकॉर्डमधले पानक्रमांक आणि स्वतःची शिफारस. नवव्या सर्किटात एका चेंबरचा मेमो तिघांनाही जातो. इतर अनेक ठिकाणी प्रत्येक चेंबर आपापला करतं. पहिल्या पद्धतीत श्रम वाचतात, पण एका क्लार्कच्या नजरेतून सुटलेली गोष्ट तिघांच्याही नजरेतून सुटू शकते. मला दुसरी पद्धत जास्त सुरक्षित वाटते.

खंडपीठ तिघांचं, निवड चिठ्ठ्यांसारखी यादृच्छिक. तिघं कोण हे वकिलांना कधी कळणार ते सर्किटागणिक बदलतं. चौथ्या आणि सातव्या सर्किटात सुनावणीच्या दिवशी सकाळी कळतं. युक्तिवादाला प्रत्येक बाजूस साधारण १० ते २० मिनिटं. चौथ्या सर्किटाची प्रथा मला फार आवडते: युक्तिवाद संपला की न्यायाधीश आसनावरून खाली उतरतात आणि दोन्ही बाजूंच्या वकिलांशी हस्तांदोलन करतात.

पैलतीर

आडवळण, उत्तम. युक्तिवादानंतर जे घडतं त्यात या पदाचं मर्म आहे, म्हणून तिथून पुढे लिहितो.

सुनावणी संपताच किंवा त्याच दिवशी तिघं बंद दाराआड बसतात. क्लार्क, सचिव कुणीही आत नाही. बऱ्याच सर्किटांत सगळ्यात कनिष्ठ न्यायाधीश आधी बोलतो, म्हणजे ज्येष्ठांच्या मताचं दडपण येत नाही. कच्चं मतदान होतं. बहुमतातला ज्येष्ठ कार्यरत न्यायाधीश निकालपत्र कुणी लिहायचं ते ठरवतो. मग मसुदा, त्यावर इतर दोघांच्या सूचना, फेरमसुदा. एखाद्या परिच्छेदावर दुसरा न्यायाधीश अडला तर तो परिच्छेद अरुंद करावा लागतो किंवा काढावा लागतो. जिल्हा न्यायाधीश आपल्या न्यायदालनात एकटा निर्णय देतो. इथे मात्र कितीही विद्वान असा, दुसरं मत मिळालं नाही तर तुमचं लेखन भिन्नमत म्हणून छापलं जातं आणि कायदा दुसऱ्याचा होतो. जिल्हा न्यायालयातून बढती मिळून आलेल्यांना हा बदल अंगवळणी पडायला वेळ लागतो. नवे न्यायाधीश पहिल्या वर्षात दोन गोष्टींत अडकतात. एक, मसुदा गरजेपेक्षा रुंद लिहिणं, म्हणजे समोर नसलेल्या प्रश्नांवरही मत देणं. दोन, सहकाऱ्याच्या मसुद्याला उत्तर द्यायला उशीर. दुसऱ्याचे मसुदे पडून राहिले की तुमच्याही मसुद्याला प्रतिसाद उशिरा येतो आणि निकाल महिनोन्‌महिने लांबतो.

हेन्री फ्रेंडली (दुसरं सर्किट, १९५९ ते १९८६) यांच्या निकालपत्रांना पन्नास वर्षांनंतरही जो मान आहे त्याचं कारण शैलीपेक्षा रेकॉर्डवरची पकड हे आहे. जॉन रॉबर्ट्स आणि मेरिक गार्लंड दोघेही त्यांचे क्लार्क होते.

कोवळीउन्हं

वाचते आहे, फार माहितीपूर्ण. दोन प्रश्न. खालच्या न्यायाधीशाचा निकाल 'चुकीचा वाटला' एवढ्यावर तो फिरवता येतो का? आणि भारतातून एलएलएम करायला गेलेल्यांना या न्यायाधीशांकडे क्लार्क होता येतं का?

गोदाकाठ

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. अमेरिकेच्या मुख्य भूमीवरच्या फेडरल न्यायालयांत पगारी क्लार्कसाठी नागरिकत्वाची अट आहे. ग्रीन कार्डधारक नागरिकत्व घेण्याच्या मार्गावर असेल तर त्याला वाट आहे. एफ-१ किंवा एच-१बी व्हिसावर असणाऱ्या भारतीयांना नाही. विद्यार्थ्याला लॉ स्कूलमार्फत श्रेयांकांसाठी बिनपगारी एक्सटर्नशिप मिळू शकते. त्यासाठी त्या त्या चेंबरलाच विचारायचं. अर्ज ऑस्कर नावाच्या ऑनलाइन प्रणालीतून जातात. अर्जासोबत लेखनाचा नमुना दहा-पंधरा पानांचा आणि दुसऱ्या कुणी न सुधारलेला असावा. प्राध्यापकांच्या शिफारसपत्रात 'हुशार आहे' यापेक्षा 'अमुक शोधनिबंधात अमुक मुद्दा असा मांडला' असं लिहिलेलं असेल तर त्याचा उपयोग होतो.

आडवळण

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. तपासणीची पातळी मुद्द्यागणिक वेगळी. कायद्याचा अर्थ काय, हा प्रश्न असेल तर अपील न्यायाधीश कोरी पाटी घेऊन विचार करतो, खालच्या मताला वजन नाही. वस्तुस्थितीचा प्रश्न असेल तर खालचा निष्कर्ष 'स्पष्टपणे चुकीचा' असल्याशिवाय हात लावत नाहीत, कारण साक्षीदाराला जिल्हा न्यायाधीशाने समोर पाहिलेलं असतं. तारखा, पुरावा दाखल करून घेणं, शिक्षेचं प्रमाण असे विवेकाधीन निर्णय फक्त विवेकाचा गैरवापर झाला असेल तरच फिरतात. आणि खाली हरकतच घेतली नसेल तर सगळ्यात अवघड चाचणी: चूक झाली पाहिजे, ती उघड पाहिजे, तिने पक्षकाराच्या मूलभूत हक्कांवर परिणाम झाला पाहिजे, आणि ती तशीच ठेवल्यास न्यायप्रक्रियेच्या प्रतिष्ठेला बाधा आली पाहिजे. चारही.

म्हणून अपिलांतले दहापैकी एकाहूनही कमी निकाल फिरतात. मुंबईत-पुण्यात दिवाणी अपिलं पाहिलेल्यांना हे प्रमाण कमी वाटेल. आपल्याकडे पहिल्या अपिलात उच्च न्यायालय पुरावा पुन्हा तपासू शकतं. इथे तसं नाही. वकिलांची सगळ्यात मोठी चूकही इथेच होते: आठ-दहा मुद्दे उपस्थित करणं. चांगलं ब्रीफ दोन किंवा तीन मुद्द्यांवर उभं राहतं, आणि पहिला मुद्दा असा निवडतात ज्यात खालच्या मताला सगळ्यात कमी वजन दिलं जातं.

रानजाई

एक गोष्ट इथे नोंदवायलाच हवी. अपील न्यायालयांचे बहुसंख्य निकाल 'अप्रकाशित' असतात. ते संकेतस्थळावर दिसतात, १ जानेवारी २००७ नंतरचे उद्धृतही करता येतात, पण पुढच्या खंडपीठावर बंधनकारक नसतात. अनेक तर दोन-तीन परिच्छेदांचे. अपिलांपैकी जवळपास निम्मी वकील नसलेल्या लोकांची असतात, त्यांतले कितीतरी कैदी. त्यांच्या फायली प्रामुख्याने न्यायालयाच्या कर्मचारी-वकिलांकडून तपासून येतात आणि तोंडी सुनावणीविना निकाली निघतात. सातव्या सर्किटातले रिचर्ड पोस्नर १९८१ पासून न्यायाधीश होते. सप्टेंबर २०१७ मध्ये त्यांनी पद सोडलं, तेव्हा कारण म्हणून वकीलाविना येणाऱ्या पक्षकारांना मिळणाऱ्या वागणुकीचा प्रश्नच जाहीरपणे मांडला होता. मला त्यांचं म्हणणं पटतं. ज्याला वकील परवडत नाही त्याच्या फायलीवर न्यायाधीशाची स्वतःची नजर सगळ्यात कमी वेळ पडते, ही या व्यवस्थेची खरी उणीव आहे.

गोदाकाठ

रानजाई, उणीव मान्य, पण अप्रकाशित निकालांशिवाय हा भार पेलणार कसा? प्रत्येक निकाल बंधनकारक करायचा तर एकेका शब्दावर तिघांना घासाघीस करावी लागेल आणि महत्त्वाची प्रकरणं मागे पडतील. पदांची संख्या कित्येक वर्षं वाढलेली नाही. नवी पदं निर्माण करणं अमेरिकी संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, हातात आहे. ज्या पक्षाच्या अध्यक्षाला ती भरायला मिळणार नाहीत तो पक्ष विधेयक अडवतो.

रानजाई

भार खरा आहे. पण निकाल अप्रकाशित ठेवणं आणि कारणं न देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हरलेल्या कैद्याला दोन पानांत का हरलास हे सांगता येतं. काही सर्किटं ते नीट करतात.

पैलतीर

आता खंडपीठाच्या वरचा टप्पा. हरलेला पक्ष १४ दिवसांत फेरसुनावणी मागू शकतो (दिवाणी प्रकरणात सरकार पक्षकार असल्यास ४५). पूर्णपीठापुढे, म्हणजे सगळ्या कार्यरत न्यायाधीशांपुढे, न्यायची असेल तर कार्यरत न्यायाधीशांच्या बहुमताने ठराव लागतो. हे क्वचित घडतं. खंडपीठांच्या निकालांत विसंगती आली किंवा प्रश्न अतिशय महत्त्वाचा असला तरच. नवव्या सर्किटात २९ जण एकत्र बसत नाहीत. मुख्य न्यायाधीश आणि चिठ्ठी टाकून निवडलेले दहा, असं अकरांचं पीठ बसतं.

मतदान कोणत्या क्षणी पक्कं होतं, यावर एक महत्त्वाचा निकाल आहे. नवव्या सर्किटातले स्टीफन राइनहार्ट २९ मार्च २०१८ रोजी वारले. त्यांनी लिहिलेलं पूर्णपीठाचं निकालपत्र ९ एप्रिलला त्यांच्या नावासह जाहीर झालं, कारण मतदान आधीच झालं होतं. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते रद्द केलं. फेडरल न्यायाधीशांची नेमणूक आयुष्यभरासाठी असते, अनंतकाळासाठी नाही, असं सुप्रीम कोर्टाने म्हटलं. निकाल जाहीर होईपर्यंत प्रत्येक न्यायाधीश मत बदलू शकतो, म्हणून मृताचं मत मोजता येत नाही. व्यवहारातला परिणाम असा की वृद्ध किंवा आजारी सहकारी पीठावर असला की मसुदा रेंगाळू देत नाहीत.

आडवळण

मुख्य न्यायाधीश कसा होतो, हे बरेच जण 'अध्यक्ष नेमतात' असं समजतात. नाही. नेमणूकपत्राच्या ज्येष्ठतेने. वय ६४ किंवा कमी हवं, त्या न्यायालयात किमान एक वर्ष झालेलं हवं आणि आधी ते पद भूषवलेलं नसावं. मुदत सात वर्षं, वयाच्या सत्तरीपर्यंतच. वेगळा पगार नाही, प्रशासनाचा बोजा मात्र खूप: अर्थसंकल्प, इमारती, न्यायाधीशांविरुद्धच्या तक्रारींची पहिली छाननी. श्रीनिवासन फेब्रुवारी २०२० मध्ये गार्लंड यांच्यानंतर याच नियमाने डीसी सर्किटचे मुख्य न्यायाधीश झाले.

पुढची पायरी सुप्रीम कोर्ट, असं म्हणतात. आजच्या नऊपैकी केगन सोडून आठही जण अपील न्यायालयातून गेले आहेत. काही अगदी अल्पकाळ तिथे होते: थॉमस दीडेक वर्ष, रॉबर्ट्स दोन वर्षं. उलट लर्नेड हँड १९०९ मध्ये जिल्हा न्यायाधीश झाले, १९२४ मध्ये दुसऱ्या सर्किटात आले, १९६१ मध्ये मृत्यूपर्यंत न्यायाधीश राहिले आणि सुप्रीम कोर्टात कधीच गेले नाहीत. निष्काळजीपणा मोजायचं त्यांचं सूत्र (अपघाताची शक्यता गुणिले नुकसान, आणि त्यासमोर खबरदारीचा खर्च) १९४७ च्या एका बार्जच्या (सपाट मालवाहू होडीच्या) खटल्यातलं. जगभरच्या विधी महाविद्यालयांत शिकवतात.

गोदाकाठ

पगार आणि निवृत्ती. २०२५ मध्ये अपील न्यायाधीशाचा वार्षिक पगार २,६२,३०० डॉलर, जिल्हा न्यायाधीशाचा २,४७,४००. न्यूयॉर्कच्या मोठ्या फर्ममध्ये पदवी घेऊन नुकत्याच लागलेल्या वकिलाचा मूळ पगार २,२५,००० आहे, त्यावर बोनस वेगळा. तेव्हा पन्नाशीतल्या भागीदाराने हे पद घेणं म्हणजे मोठा आर्थिक त्याग असतो.

निवृत्तीचा 'ऐंशीचा नियम': वय आणि सेवा मिळून ८०, पण वय किमान ६५ आणि सेवा किमान १० वर्षं. म्हणजे ६५ ला १५ वर्षं, ६७ ला १३, ७० ला १०. हे जुळलं की दोन वाटा. पूर्ण निवृत्ती घेतली तर त्या दिवशीचा पगार आयुष्यभर, पण तिथेच गोठलेला. 'सीनियर' दर्जा घेतला तर जागा रिकामी होते, न्यायाधीश मात्र चेंबर आणि क्लार्क ठेवून कमी काम करतो. वर्षाला कार्यरत न्यायाधीशाच्या तीन महिन्यांइतकं काम केल्याचा दाखला मिळाला की पगारवाढही लागू. सीनियर न्यायाधीश खंडपीठांवर बसतात, पण पूर्णपीठाच्या मतदानात नाहीत. मूळ खंडपीठात असतील तरच पूर्णपीठावर बसता येतं.

आपल्याकडे उच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती ६२ व्या वर्षी निवृत्त होतो, तारीख आधीपासून सगळ्यांना ठाऊक. इथे तारीख न्यायाधीश स्वतः निवडतो, म्हणून ती कुणाच्या अध्यक्षपदात येते याला महत्त्व येतं. काही जण 'उत्तराधिकारी मंजूर झाल्यावर' असं सशर्त पत्र देतात. डिसेंबर २०२४ मध्ये चौथ्या सर्किटाच्या जेम्स विन यांनी असं पत्र मागे घेतलं आणि कार्यरत राहिले. कायद्यात त्याला मनाई नाही.

रानजाई

शिस्त आणि हितसंबंध राहिले. पक्षकार कंपनीचा एक शेअर जरी न्यायाधीशाच्या, जोडीदाराच्या किंवा घरातल्या अल्पवयीन मुलाच्या नावावर असला तरी बाजूला व्हावं लागतं, रक्कम कितीही छोटी असो. म्युच्युअल फंड यात मोडत नाहीत, म्हणून जाणते न्यायाधीश शपथ घेण्याआधीच सुटे शेअर विकून फंडांत टाकतात. २०२२ च्या कायद्याने हजार डॉलरवरचे शेअर व्यवहार ४५ दिवसांत कळवणं आणि विवरणपत्रं ऑनलाइन ठेवणं बंधनकारक झालं. वकिली पूर्ण बंद. शिकवायला परवानगीने मुभा.

काढून टाकायचा मार्ग फक्त महाभियोग. आजवर सगळ्या पातळ्या मिळून १५ फेडरल न्यायाधीशांवर तो चालला, ८ दोषी ठरले. त्याखालची शिस्त १९८० च्या कायद्याने सर्किटाच्या न्यायिक परिषदेकडे आहे: ताकीद, निंदा किंवा काही काळ नवी प्रकरणं न देणं. १९२७ मध्ये जन्मलेल्या, १९८४ पासून फेडरल सर्किटात असलेल्या पॉलीन न्यूमन यांना सप्टेंबर २०२३ मध्ये परिषदेने नवी प्रकरणं देणं थांबवलं, कारण चौकशी समितीने सांगितलेल्या वैद्यकीय तपासण्यांना त्यांनी नकार दिला. पुढे मुदत वाढवली गेली; न्यूमन यांनी त्याला न्यायालयात आव्हान दिलं. आजन्म पदाचा हा सगळ्यात अवघड प्रश्न आहे. क्षमता तपासायची कुणी? सहकाऱ्यांनीच, असं आजचं उत्तर, आणि ते मला अपुरं वाटतं.

कोवळीउन्हं

मूळ निकाल आणि युक्तिवाद कुठे पाहता-ऐकता येतील? भारतातून खर्च न करता?

आडवळण

निकालपत्रं प्रत्येक सर्किटाच्या संकेतस्थळावर जाहीर होतात त्याच दिवशी, फुकट. ब्रीफ आणि इतर कागद पेसर या फेडरल न्यायालयांच्या ऑनलाइन कागदपत्र प्रणालीत मिळतात: पानाला १० सेंट, एका कागदपत्राला जास्तीत जास्त ३ डॉलर, आणि तिमाहीत ३० डॉलरच्या आत खर्च झाला तर शुल्क माफ. नवव्या सर्किटाचे युक्तिवाद यूट्यूबवर थेट दिसतात, इतर बहुतेक ठिकाणची ध्वनिमुद्रणं संकेतस्थळावर सापडतात. नव्याने सुरू करणाऱ्याने एकच प्रकरण निवडून आधी निळं ब्रीफ, मग तांबडं, मग युक्तिवाद आणि शेवटी निकालपत्र अशा क्रमाने जावं. पेटंटमध्ये काम करणाऱ्यांनी फेडरल सर्किटापासून आणि व्हिसा-हद्दपारीच्या प्रश्नांत रस असणाऱ्यांनी नवव्या किंवा दुसऱ्या सर्किटापासून सुरुवात करावी. तिथे इमिग्रेशन बोर्डाविरुद्धचे अर्ज मोठ्या संख्येने येतात. असा अर्ज करायचा असेल तर हद्दपारीचा अंतिम आदेश निघाल्यापासून ३० दिवस आहेत, आणि तो जिल्हा न्यायालयात न जाता थेट अपील न्यायालयात दाखल करायचा असतो.